फांदी फुटलेला कृमी

जाळं वर येतं, पण त्याआधी चिखलाचा वास येतो. जानेवारी 1875. फिलिपिन्समधल्या सेबू बेटाजवळ ‘चॅलेंजर’ या संशोधन जहाजाच्या ओल्या फळ्यांवर तुम्ही उभे आहात. 95 फॅदम, म्हणजे सुमारे 174 मीटर खोलवरून एक काचस्पंज आलाय. हात लावू नका. त्याच्या सुया बोटात मोडतात. त्याच्या पोकळ्यांत उसवलेल्या सुतळीसारखं काहीतरी गुंतलंय. बरणी, स्पिरिट, चिठ्ठी, झाकण. झालं. नाव ठेवायला निवांतपणा लागतो, तो जहाजावर नाही.

काही वर्षं पुढे सरका. स्कॉटलंडमधलं मर्थली. इथल्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक विल्यम मॅकिन्टॉश यांना सागरी कृमींचं वेड आहे. ती बरणी आता त्यांच्याकडे आली आहे. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाशी बसा.

पॉलिकीट गटातला सागरी कृमी ओळखायचा तर सुरुवात डोक्यापासून. डोळे किती, स्पर्शिका किती, घसा बाहेर उलटतो का, त्यात जबडा आहे का. मग अंगाच्या प्रत्येक वलयाला दोन्हीकडे असलेली मांसल वल्ही. त्यातलं एक कापून काचपट्टीवर ठेवायचं आणि दृढरोमांची, म्हणजे ताठ केसांची, टोकं न्याहाळायची: एक दात की दोन, रोम अखंड की मध्ये सांधा? केसाच्या टोकावरून जात ठरते, हे ऐकायला गमतीचं वाटतं. मान मोडून बसल्यावर वाटत नाही.

आज मात्र सुरुवातच होत नाही. चिमट्याने धागा धरून तुम्ही निघता आणि शेपटीशी पोचता. मागे येता, तर फाटा. दुसरी फांदी धरता, पुन्हा शेपूट. दोन कृमी अडकले असतील म्हणून सुईने सोडवायला जाता, पण गुंता सुटत नाही. कातडी एकच आहे. आतडंसुद्धा त्याच फाट्यावर दुभंगलंय.

वल्ह्यांवरचे लांब तंतू बघा, जपमाळेसारखे मणी-मणी. ही खूण ओळखीची, सिलिस वंशाची. मॅकिन्टॉश 1879 मध्ये याला ‘सिलिस रामोसा’ म्हणतील, म्हणजे फांद्यांचा सिलिस. इतकं विचित्र जनावर हाती लागूनही नवा वंश काढायचा मोह त्यांनी आवरला, याचं मला कौतुक वाटतं. (अशा दुसऱ्या कृमीचं वर्णन छापलं जायला 2012 उजाडेल, तो ऑस्ट्रेलियातल्या डार्विनजवळ मिळालेला, तोही स्पंजातलाच.)

एका फांदीच्या टोकाला डोळे दिसतात. सापडलं डोकं! तुम्ही भिंग सरकवता. छे, हा तर प्रजननाचा कोंब. पिकला की अंडी किंवा शुक्राणू घेऊन सुटेल आणि पोहत निघून जाईल. डोळे त्या प्रवासासाठी.

खरं डोकं अजून स्पंजाच्या आत कुठेतरी आहे. तुम्ही दिव्याची वात वर करता आणि सुई आणखी खोल घालता.