बो स्ट्रीट, १२ मे १९१०

कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारातल्या हातगाड्या चुकवत तुम्ही बो स्ट्रीटच्या कोर्टात शिरता. समोर ऑपेरा हाउस. आत आरोपीच्या पिंजऱ्यात नाशिककडचा एक तरुण उभा आहे, सत्तावीस पुरी व्हायला सोळा दिवस कमी. विनायक दामोदर सावरकर. कायद्याच्या परीक्षा झाल्यात, पण ग्रेज इनने बॅरिस्टरीची सनद अडवली आहे.

बोटीतून निसटण्यासाठी त्यांनी पुढे मार्सेलिस बंदरात मारलेली उडी तुम्हाला पाठ आहे, म्हणून तुमचं लक्ष बंदराकडे. थोडं थांबा. उडीपेक्षा मोठी गोष्ट इथे, या कागदांच्या गठ्ठ्यांत ठरते आहे.

मार्चमध्ये ते पॅरिसहून आले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवरच पकडले गेले. इंग्लंड-फ्रान्सच्या करारात राजकीय आरोपीला अभय आहे. पण मुंबईचं वॉरंट आहे १८८१च्या फरारी गुन्हेगार कायद्याखालचं, आणि त्यात ती सवलतच नाही. लंडनहून मुंबईला धाडणं म्हणजे साम्राज्याच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं! दुसऱ्या खोलीतला न्याय मात्र वेगळा. तिथे १९०८च्या कायद्याने तीन न्यायाधीशांचं खास कोर्ट बसणार. ज्यूरी नाही, अपील नाही. आरोपांत १९०६ची, विलायतेला येण्याआधीची भाषणंही आहेत. ती केली तेव्हा हा कायदाच नव्हता.

वकिलांचा भर कलम १० वर आहे: पाठवणी अन्यायाची किंवा जुलमाची ठरत असेल तर वरचं कोर्ट ती नाकारू शकतं. लंडनमध्ये केलेल्या कृत्यांचा खटला लंडनमध्येच चालवा ना! तुम्हाला हे बिनतोड वाटतं. मॅजिस्ट्रेट सर अल्बर्ट द रुट्झन मात्र पाठवणीचाच हुकूम देतात. जूनमध्ये वरच्या कोर्टांनाही ते पटत नाही. १ जुलैला ‘मोरिया’ बोट सुटते. मार्सेलिसचं तुम्हाला ठाऊकच आहे: उडी मारून ते फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले, आणि तिथून पकडून पुन्हा बोटीवर आणले गेले.

डिसेंबरात तुम्ही मुंबई हायकोर्टात आहात. समोर खास कोर्टाचे तीन न्यायाधीश: स्कॉट, चंदावरकर, हीटन. २३ तारखेला जन्मठेप, काळं पाणी. मार्सेलिसच्या अटकेचा वाद हेगच्या लवादाकडे न्यायचं ब्रिटन आणि फ्रान्सच्या सरकारांनी ऑक्टोबरातच ठरवलंय. खटला त्यासाठी थांबलेला नाही.

लवादाचा निकाल ऐकायला हेगला पोहोचता तेव्हा २४ फेब्रुवारी १९११ उजाडलेला असतो. वाद ब्रिटन आणि फ्रान्सचा. ज्याच्यावरून चाललाय तो माणूस पक्षकारच नाही. पंच म्हणतात, अटकेत अनियमितता झाली, पण कैदी परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. तोवर, ३० जानेवारीला, मुंबईत दुसऱ्या खटल्यात दुसरी जन्मठेपही सुनावून झाली आहे.