वजनाने अंग आखडते काय?

वजने उचलली की अंग आखडते, चपळाई जाते, ही समजूत पुष्कळांची असते. एके काळी अमेरिकेतील व्यायामशिक्षकही हेच शिकवीत असत. ती समजूत कशी मोडली, हे पाहण्यासारखे आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे व्यायामशिक्षक तयार करणारे नामांकित कॉलेज आहे. तेथील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक पीटर कार्पोविच याच मताचे होते. १९४० साली बॉब हॉफमन हे जॉन ग्रिमेक व जॉन डेव्हिस या बलदंड गड्यांना घेऊन तेथे प्रात्यक्षिकासाठी गेले. ग्रिमेक यांना स्वतःची पाठ तरी खाजवता येते काय, असे कार्पोविच यांनी विचारले. ग्रिमेक यांनी पाठ खाजवून दाखविली. वर गुडघे न वाकविता कोपरे जमिनीला टेकविली आणि दोन्ही पाय फाकून ते जमिनीवर बसले.

कार्पोविच यांचे मोठेपण असे की, निरुत्तर होऊन ते गप्प बसले नाहीत. त्यांनी मोजमाप केले. वजने उचलणारे तीनशे आणि न उचलणारे तीनशे, अशा सहाशे जणांना हाताने दांडा गरगर फिरवावयास लावला. १९५१ साली झोर्बास यांच्यासह त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: वजने उचलणाऱ्यांचेच हात अधिक वेगाने फिरले.

तोपर्यंत शिकागोच्या लष्करी इस्पितळात डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांना वजनांच्या व्यायामाने उभे केले होते. त्यांची पद्धत १९४५ साली प्रसिद्ध झाली. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढे वजन शोधावयाचे आणि शक्ती वाढेल तसे ते वाढवीत जावयाचे. पुढे १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडूनही असा व्यायाम करविला, तेव्हा आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची शक्ती सरासरी दुपटीहून अधिक वाढली. म्हातारपणी वजनाला हात लावू नये, हा ग्रहही टिकला नाही.

आता आमच्या कष्टकऱ्यांतील समजूत. "दिवसभर पोती वाहतो, आणखी व्यायाम कशाला?" असे हमाल बंधू मला विचारतात. डिलॉर्म यांची पद्धत ध्यानात घ्या, म्हणजे फरक कळेल. तेथे माणसाची शक्ती पाहून वजन ठरते, बेताबेताने वाढते आणि मध्ये विश्रांती मिळते. गोदीत किंवा बाजारात पोत्याचे वजन व्यापारी ठरवितो. पाठ दुखो वा ताप असो, ते तेवढेच राहते. त्याने शरीर घडत नाही, झिजते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली पुरुष कामगाराच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचविली.

तेव्हा तालमीत वजन उचलण्याचे भय बाळगू नका. आणि पोते हलके करा, विसाव्याला वेळ द्या, असे हमाल म्हणू लागला, तर त्याला आळशी म्हणू नका. शक्ती वाढविण्याचे जे नियम शास्त्राला सापडले, तेच तो मागत आहे.