देवगिरीचा दुर्ग आणि मिठाची पोती

इ. स. ११८७ च्या सुमारास यादव राजा पाचवा भिल्लम याने देवगिरी नगर वसवून तेथे आपली राजधानी केली. आज हे ठिकाण छत्रपती संभाजीनगरजवळ दौलताबाद या नावाने प्रसिद्ध आहे. ज्याच्या नावावरून जुन्या देवळांना हेमाडपंती म्हणतात, तो हेमाद्री पंडित याच यादवांच्या पदरी करणाधिप, म्हणजे आजच्या भाषेत दप्तराचा प्रमुख होता.

किल्ल्याचा डोंगर सुटा, शंकूसारखा व सुमारे ६०० फूट उंच आहे. त्याचा खालचा भाग सभोवार छिन्नीने उभा तासून काढला आहे. घोरपडीलासुद्धा पाय रोवता येऊ नये, असा तो कडा! त्याच्या पायथ्याशी कातळातच खोल खंदक खोदला आहे. बाहेर अंबरकोट, महाकोट व काळाकोट असे तीन तट आहेत. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दरवाजांना अणकुचीदार खिळे ठोकले आहेत. खंदक ओलांडल्यावर पुढे आहे ती प्रसिद्ध अंधारी. कातळातून वळत वळत चढणारा हा भुयारी मार्ग इतका काळोखी आहे की, पुढचा माणूस मागच्याला दिसत नाही. त्याच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर आग पेटवून धुराने शत्रूला कोंडण्याची योजना होती. अर्थात हे सारे एका राजाचे किंवा एका पिढीचे काम नव्हे. यादवांनंतर आलेल्या सत्तांनीही त्यात पुष्कळ भर घातली.

असा हा दुर्ग. पण तो पडला कसा, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. सन १२९६ मध्ये, म्हणजे ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर अवघ्या सहा वर्षांनी, अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. रामदेवरावांचे मोठे सैन्य पुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होते. राजा गडावर गेला. घाईघाईने व्यापाऱ्यांची पोतीही वर नेण्यात आली. शंकरदेव परत येऊन लढला, परंतु त्याचा पराभव झाला. फरिश्ता लिहितो की, पुढे पोती उघडली तेव्हा त्यांत धान्य नव्हते, मीठ होते! ती वर नेताना एकही पोते कोणी उघडून पाहिले नाही. राजाला अमाप खंडणी देऊन तह करावा लागला.

सन १६३३ मध्ये पुन्हा तोच प्रकार घडला. त्या वेळी किल्ला निजामशाहीकडे होता आणि मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान तो लढवीत होता. मोगलांच्या महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले. मधला कातळ मात्र तसाच अभेद्य होता. शहाजीराजे व विजापूरचा रणदुल्लाखान यांनी आत रसद पोहोचविण्याचा प्रयत्न केला, पण मोगलांनी तो हाणून पाडला. आतला दाणागोटा संपला. अखेर जून महिन्यात फत्तेखानाने किल्ला स्वाधीन केला आणि बाल निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत झाली.