माळ्यावरचीं दप्तरें

घर आवरणें हा महाराष्ट्रीय कुटुंबाचा जुना परिपाठ आहे. नवरात्रापूर्वीं आणि दिवाळीपूर्वीं भिंती झाडल्या जातात, भांडीं लख्ख होतात, माळ्यावरचें सामान खालीं उतरतें आणि घरांतील वडील मंडळींत व तरुण मंडळींत दरसालचा वाद नव्यानें सुरू होतो: काय ठेवावें आणि काय टाकावें? वाद घरगुती, म्हणून तो क्षुल्लक वाटतो. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाचा बराच मोठा भाग अशाच वादांच्या निकालावर तरला किंवा बुडाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

जुन्या वाड्यांत प्रत्येक वस्तूची जागा नेमलेली असे. धान्य बळदांत किंवा पेवांत, रिकामीं मडकीं उतरंडीला, दूधदुभतें शिंक्यावर, धुतलेलीं वस्त्रें दांडीवर, नित्याच्या बारीकसारीक जिनसा कोनाड्यांत आणि फडताळांत. कागदपत्रांची सोयही अशीच ठरलेली होती. एका विषयाचे अथवा एका सालाचे कागद एकत्र लावून ते चौकोनी जाड्याभरड्या कापडांत घट्ट बांधीत. या गांठोड्यास रुमाल म्हणत. असे रुमाल पेटाऱ्यांत किंवा फडताळांत रचून ठेवीत आणि कसर लागूं नये म्हणून त्यांत कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड घालीत. सनदा, महजर, निवाडे, खरेदीखतें, गहाणखतें, रोजकीर्दी, खतावण्या, लग्नकार्यांच्या याद्या आणि नातलगांचीं पत्रें, असा सारा संसार त्यांत असे. व्यवस्थेचा हा कित्ता सरकारी फडाचाच होता. घरोघरच्या कारकुनांनीं तो आपल्या चौकटींत उतरविला.

ही दक्षता केवळ हौसेची नव्हती. कागद हेंच वतनाचें आणि इनामाचें संरक्षण होतें. १८१८ सालीं पेशवाई संपली आणि पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला विस्तृत अधिकार मिळाले. ज्या जमिनीचा उपभोग घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तिची सनद दाखवा, असा प्रश्न दारोदार आला. ज्यांच्या पेटाऱ्यांतून योग्य तो कागद निघाला, त्यांचा निभाव लागला. ज्यांचा कागद वाळवीनें खाल्ला होता किंवा आगींत गेला होता, त्यांच्यापैकीं अनेकांचीं इनामें गेलीं. १७६३ सालीं निजामाच्या फौजेनें पुणें लुटून जाळलें होतें. अशा प्रसंगीं काय काय भस्म झालें असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. एका रुमालाच्या गांठीवर कुटुंबाची भाकरी अवलंबून असे, ती अशी.

मग हींच दप्तरें अडगळ कशीं झालीं? याचीं कारणें एकापुढें एक अशीं येत गेलीं. १८६३ च्या कायद्यांनीं इनामांच्या चौकशीचें काम आटोपतें घेण्यांत आलें आणि कागदांची तांतडीची गरज ओसरली. नोकरीच्या निमित्तानें तरुण मंडळी मुंबई-पुण्यास गेली. चाळींतील एका खोलींत पेटारा ठेवावयास जागा कोठून असणार? पुढें १९५० च्या कायद्यानें परगणे व कुलकर्णी वतनें रद्द झालीं आणि ज्या हक्कासाठीं कागद जपले, तो हक्कच उरला नाहीं. त्याच सुमारास मोडी लिपीही शाळांतून लोपत गेली. आजोबांचा कागद नातवास वाचतां येईना. जें वाचतां येत नाहीं आणि ज्याचा उपयोग उरला नाहीं, त्याला घरांत अडगळीवांचून दुसरें नांव मिळत नाहीं.

अशा अडगळीची वाट ठरलेली होती. कांहीं कागद वाण्याकडे पुड्या बांधावयास गेले, कांहीं शोभेची दारू करणारांकडे गेले, कांहीं बंबांत जळाले. कागद भिजवून, कुटून, त्यांत मेथीचें पीठ मिसळून टोपल्या करण्याची पद्धत घरोघर होती. त्या टोपल्यांच्या पोटींही जुने बंद गेले. यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. घर नीटनेटकें असावें, कांहीं वायां जाऊं नये, हीच भावना त्यामागें होती. नाश झाला तो आळसानें झाला तसाच टापटिपीनेंही झाला.

या नाशाच्या तोंडून जें वांचलें, त्याचें श्रेय मुख्यतः थोड्या माणसांच्या चिकाटीला आहे. मिरजेस शाळेंत शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील कागद निवडून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढच्याच सालीं, १८९८ मध्यें, विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यांत १७५० ते १७६१ या काळांतील पत्रें आहेत. पुढें या मालेचे खंड बावीस झाले. राजवाडे गांवोगांव हिंडत, लोकांच्या माळ्यांवर चढत आणि मालकाची मनधरणी करून दप्तर सोडवून घेत. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं नाना फडणिसांचें मेणवलीचें दप्तर मिळविलें. त्यांचा संग्रह १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला. ७ जुलै १९१० रोजीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें आणि खासगी घरांतील कागदांस एक हक्काचें घर मिळालें.

एका घरच्या कागदाचें मोल केवढें असूं शकतें, याचें उत्तम उदाहरण जेधे शकावलीचें आहे. भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यांत ही शकावली जपलेली होती. लोकमान्य टिळकांनीं ती मंडळाच्या द्वारें १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांत कोणतेंही पाल्हाळ नाहीं. शक, तिथि आणि घडलेली गोष्ट, एवढ्याच त्रोटक नोंदी आहेत. परंतु शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजीं झाला, ही नोंद तिच्यांत सांपडली. तोंपर्यंत १६२७ हें साल रूढ होतें. पुढें राजस्थानांत मिळालेल्या जन्मकुंडलीनेंही त्याच तिथीला पुष्टि दिली आणि २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें ती तारीख मान्य केली. जेध्यांच्या घरांतील एखाद्या पिढीनें दिवाळीची झाडलोट करतांना तें बाड बंबांत घातलें असतें, तर हा पुरावा कायमचा गेला असता.

याचा अर्थ घरांतील प्रत्येक चिठोरें जपावें असा मुळींच नाहीं. सर्वच ठेवूं म्हटलें तर कांहींच सांपडत नाहीं. जुन्या कारकुनांनाही हें ठाऊक होतें, म्हणून ते कागद साल आणि विषय पाहून लावीत. निवड केलीच पाहिजे. मात्र ती ओळख पटल्यावर करावी. जुन्या कागदांचे रुमाल जसे बांधलेले मिळतील तसेच ठेवावेत, कारण कोणता कागद कोणाच्या शेजारीं होता, हाही एक पुरावाच असतो. ओलसर कागद सावलींत, वाऱ्यावर वाळवावेत. उन्हांत घालूं नयेत. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये आणि कागद प्लॅस्टिकच्या आवरणांत वितळवून बंद करूं नये. चिंध्यांपासून हातानें केलेला कागद आणि काजळीची शाई टिकाऊ असते. गिरणींत लांकडाच्या लगद्यापासून केलेला हलका कागद मात्र त्याच्या अंगच्या आम्लामुळें पन्नास वर्षांत पिवळा पडून तुटूं लागतो. म्हणून वर्तमानपत्रांचीं कात्रणें जुन्या कागदांत मिसळूं नयेत. छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें, व्यक्तींचीं नांवें आणि साल लिहावें. तीं नांवें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवरच हें काम होऊं शकतें.

मोडी वाचतां येत नाहीं, ही अडचण खरी, पण ती असाध्य नाहीं. महाराष्ट्र शासनाचें पुराभिलेख संचालनालय आणि इतिहास-संशोधनाच्या संस्था मोडीचे वर्ग चालवितात. जाणकाराला कागद दाखवितां येतो, त्याची छायाप्रत देतां येते आणि मूळ कागद घरींच राखतां येतो. ज्यांना घरीं जपणें शक्य नाहीं, त्यांनीं तो एखाद्या संग्रहालयास द्यावा. देतांना तो कोणत्या गांवच्या, कोणत्या घराण्याचा, हें लिहून द्यावें.

खरे आणि राजवाडे यांच्या वेळीं दप्तरें शोधीत हिंडणारा माणूस दारापर्यंत येत असे. आज वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि सामान हलविण्याच्या गर्दींत प्रत्येक पेटाऱ्याचा निकाल एका दुपारांत लागतो. तो निकाल देण्याचा अधिकार आतां घरांतल्याच माणसांच्या हातीं आहे. रद्दीवाल्याचा तराजू दारांत येण्यापूर्वीं रुमालाची गांठ एकदां सोडून पाहावी, इतकाच या इतिहासाचा आग्रह आहे.