ग्रीक भाषेची भूमी



ग्रीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सॉक्रेटिसाचा विषाचा पेला येतो, शिकंदराचा घोडा येतो, संगमरवरी मूर्ती येतात. शाळेच्या पुस्तकातला ग्रीस इथेच संपतो. परंतु ग्रीक ही काही मेलेली भाषा नाही. आज सव्वा कोटीच्या आसपास माणसे ती घरात, बाजारात, गोदीत आणि कोर्टात बोलतात. ज्याला ती शिकावीशी वाटते त्याच्या हाती प्रथम व्याकरण पडते. माझे सांगणे असे की, व्याकरणाच्या शेजारी त्या देशाचा नकाशाही उघडून ठेवावा. आणि नकाशावर राजांच्या राजधान्या शोधण्याआधी तिथली माणसे काय काम करून पोट भरत होती, ते शोधावे. मी कामगार संघटनेत उमर घालविलेला माणूस. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा माझी नजर त्या बाजूला वळणारच, हे आपण गृहीत धरा. पण ही भाषा तीन हजार वर्षे टिकवली कोणी, या प्रश्नाचे उत्तर मला तरी त्याच बाजूला सापडले.

आरंभी हेही सांगितले पाहिजे की ही भाषा आपल्याला अगदीच परकी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम व्यापाऱ्याने आपल्या समुद्रमार्गाची माहिती ग्रीकमध्ये लिहून ठेवली. ‘पेरिप्लुस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिच्यात आपले पैठण आहे, तेर आहे, कल्याण बंदर आहे. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांत भरून बिकट वाटेने भडोचला कसा जाई, हेही त्याने नोंदले आहे. कार्ल्याच्या लेण्यातील काही खांबांवर ते दान देणाऱ्या ‘यवनां’ची नावे कोरलेली आहेत. आपण वाण्याला ‘दाम’ देतो, त्यात ग्रीकांचे द्राख्मे हे नाणे लपले आहे. जोशीबुवा पत्रिका मांडताना ‘केंद्र’ आणि ‘होरा’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या तोंडी मूळचे ग्रीक शब्दच असतात. शब्द व्यापाराच्या गाठोड्यातून प्रवास करतात, हा पहिला धडा आपल्या घरीच मिळतो.

आता नकाशाकडे वळू. ग्रीस देश क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राच्या निम्माही नाही. त्यातही सुमारे ८० टक्के भूमी डोंगराळ. लहानमोठी बेटे हजारोंनी मोजावी लागतात. मात्र वस्ती असलेली सव्वादोनशेच्या घरात. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचे तर घाट चढावा लागे आणि हिवाळ्यात बर्फाने वाट बंद होई. म्हणून खोऱ्याखोऱ्यात वेगळे नगर, वेगळा देव, वेगळा कायदा आणि वेगळी बोली नांदली. अथेन्सची अॅटिक, स्पार्टाची डोरिक, आशियाच्या किनाऱ्यावरची आयोनिक, लेस्बॉस बेटावरची एओलिक. डोंगराने तोडले ते समुद्राने जोडले. ग्रीकांच्या जुन्या भाषेत समुद्राला ‘पोंतोस’ असा एक शब्द आहे. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा शब्द आणि आपल्या संस्कृतातला ‘पंथ’ ही एकाच मुळाची भावंडे. ज्यांनी समुद्राला वाट म्हटले त्यांचा देश कसा असेल, याची कल्पना या एका शब्दावरून येते. समुद्राचा दुसरा आणि आजही रोजच्या वापरातला शब्द ‘थालासा’. त्याचे मूळ मात्र ग्रीकांच्या भाईबंद भाषांत मिळत नाही. डोंगरपलीकडून आलेल्या या लोकांनी तो आधीपासून किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणा जुन्या रहिवाशांकडून उचलला असावा, असे पंडित मानतात. त्या रहिवाशांचे राज्य गेले, नावही गेले. त्यांचा शब्द मात्र उरला.

अथेन्स शहर ज्या अॅटिका प्रांतात आहे, त्याच्या दक्षिण टोकाला लाव्रिओन नावाच्या चांदीच्या खाणी होत्या. इसवी सनापूर्वी ४८३ च्या सुमारास तिथे चांदीची मोठी शीर लागली. थेमिस्टोक्लिसने तो पैसा नागरिकांना वाटू न देता त्यातून युद्धनौका बांधविल्या, आणि ४८० साली सलामिसच्या सामुद्रधुनीत त्या नौकांनी इराणी आरमाराचा मोड केला. पुस्तकांत हा पराक्रम असतो. त्या नौकांची वल्ही मारणारे अथेन्सचे गरीब नागरिक होते आणि चांदी उकरणारे गुलाम. पुढे इसवी सनापूर्वी ४१३ साली स्पार्टाच्या सैन्याने अॅटिकातील डेकेलिया येथे तळ ठोकला, तेव्हा वीस हजारांहून अधिक गुलाम अथेन्सकरांना सोडून पळाले आणि त्यांत बहुतेक हाताचे कसबी कारागीर होते, असे थ्युसिडिडिज हा इतिहासकार लिहितो. लोकशाहीच्या त्या माहेरघरातून इतकी माणसे संधी मिळताच निघून गेली, ही गोष्ट पार्थेनॉनच्या खांबांइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याची खूण भाषेतही राहिली आहे. जुन्या ग्रीकमध्ये ‘दूलेया’ म्हणजे गुलामगिरी. आजच्या ग्रीकमध्ये तीच अक्षरे घेऊन फक्त आघात शेवटच्या स्वरावर नेला की होते ‘दुल्या’, आणि तिचा अर्थ काम, नोकरी. रोज सकाळी अथेन्सचा माणूस ‘कामाला जातो’ म्हणतो, तेव्हा तो हा शब्द वापरतो. संपाला मात्र ग्रीक शब्द आहे ‘आपेर्गिया’, म्हणजे कामापासून दूर होणे. त्याच लाव्रिओनच्या खाणींत १८९६ साली मजुरांचा मोठा संप झाला आणि त्यात रक्त सांडले. एकाच खेड्याच्या मातीत हे दोन्ही शब्द शिकता येतात.

शिकंदरानंतर बोलीबोलींतले अंतर घटले आणि ‘कोइने’ म्हणजे सर्वांची अशी एक ग्रीक भाषा बाजारात आणि छावणीत घडली. मघाशी सांगितलेला ‘पेरिप्लुस’ याच भाषेतला, आणि ख्रिस्ती लोकांचा ‘नवा करार’ही याच भाषेतला. पुढे बायझंटियमची सत्ता आली, १४५३ साली ती तुर्कांकडे गेली, आणि १८३० साली ग्रीसचे स्वतंत्र राज्य मान्य झाले. तेव्हा नव्या राज्यापुढे प्रश्न पडला : कारभार कोणत्या ग्रीकमध्ये करायचा?

शतकानुशतके मेंढपाळ, खलाशी आणि शेतकरी बोलत आले ती ‘दिमोतिकी’, म्हणजे लोकांची भाषा. पंडितांना ती बाटलेली वाटली. त्यांनी जुन्या ग्रंथांच्या वळणावर ‘काथारेवूसा’ म्हणजे शुद्ध केलेली भाषा सजविली. मग घराला घरी ‘स्पिती’ म्हणायचे आणि कागदावर ‘इकिया’ लिहायचे. पाण्याला ‘नेरो’ म्हणायचे आणि ‘इदोर’ लिहायचे. पाव खायचा ‘प्सोमी’, पण तो विकणाऱ्या भटारखान्याच्या पाटीवर जुना ‘आर्तोस’. ती पाटी आजही अथेन्सच्या रस्त्यांवर दिसते. ज्याला शाळा मिळाली नाही त्याला आपल्याच देशातले समन्स वाचता येईना. वाद किती टोकाला गेला पाहा : १९०१ साली एका दैनिकाने ख्रिस्ताचे शुभवर्तमान लोकभाषेत छापण्यास आरंभ केला, तेव्हा अथेन्समध्ये दंगल उसळून आठ माणसे मेली आणि पंतप्रधानाला राजीनामा द्यावा लागला. १९११ च्या घटनेत शुद्ध भाषेला संरक्षण मिळाले. १९६७ ते १९७४ या काळात लष्करी हुकूमशहांनी तिचाच आग्रह धरला. ते गेल्यावर १९७६ साली लोकभाषा शिक्षणाची भाषा झाली आणि १९८२ साली लेखनातील आघातचिन्हांचे जुने जंजाळ काढून एकच चिन्ह ठेवण्यात आले. नव्या विद्यार्थ्याला आज ग्रीक लिहिणे सोपे जाते, त्यामागे हा झगडा आहे.

उत्तरेकडे थेसलीचे मैदान लागते. डोंगराळ ग्रीसमधली ही गव्हाची भूमी १८८१ साली तुर्कांकडून ग्रीसकडे आली. राज्य बदलले, पण जमीन मोठ्या जमीनदारांकडेच राहिली आणि कसणारा अर्धेलीवर राबत राहिला. ६ मार्च १९१० रोजी किलेलेर स्टेशनावर, लारिसाच्या सभेला निघालेले शेतकरी बिनतिकीट गाडीत चढू लागले. सैन्याने गोळी झाडली आणि माणसे पडली. आजही त्या दिवसाचे स्मरण होते.

त्याहून उत्तरेला थेसालोनिकी बंदर. संघटनेच्या माणसाने तर हे शहर जरूर अभ्यासावे. १४९२ साली स्पेनने हाकललेले यहुदी इथे येऊन वसले आणि चारशे वर्षांनंतरही लादिनो ही आपली स्पॅनिश बोली बोलत होते. हमाल, तंबाखू कामगार, छापखान्यातले खिळे जुळविणारे असे चार भाषांचे मजूर एका गोदीत राबत. १९०९ साली तिथे कामगारांचे ‘फेडरेशन’ निघाले, आणि त्याने आपले पत्र लादिनो, तुर्की, बल्गेरियन आणि ग्रीक अशा चार भाषांत काढले. मुंबईच्या गिरणीच्या दारात मराठी, हिंदी, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्यांची सभा ज्याने घेतली आहे, त्याला या कामाची मातब्बरी वेगळी सांगायला नको.

ते शहर तसे राहिले नाही. १९१२ साली ते ग्रीसकडे आले. १९२३ साली लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात या अदलाबदलीचा दाखला दिला होता, हे पुष्कळांना आठवेल. भाषेच्या विद्यार्थ्याने त्यातली एक गोष्ट पाहावी. कसोटी धर्माची होती, भाषेची नव्हती. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत. त्यांना तुर्कस्तानात धाडले. आनातोलियातले कित्येक ख्रिस्ती तुर्की बोलत आणि तीच ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ‘मायदेशी’ आणले, जिथे त्यांना शेजाऱ्याचे बोलणे समजेना. आणि काळ्या समुद्राकाठी ट्राब्झोनच्या खोऱ्यांत जे ग्रीकभाषी लोक मुसलमान होते, ते तिथेच राहिले. त्यांच्या बोलीत जुन्या ग्रीकचे एक क्रियारूप अजून जिवंत आहे, जे खुद्द अथेन्समध्ये केव्हाच लोपले. १९४३ साली जर्मनांनी थेसालोनिकीच्या पंचेचाळीस हजारांवर यहुद्यांना मृत्युछावण्यांत नेले, आणि लादिनोचे ते घर उजाड झाले.

याच शहरात मे १९३६ मध्ये तंबाखू कामगारांचा संप चालू होता. ९ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तासोस तूसिस हा तरुण मोटारचालक ठार झाला. रस्त्यावर पडलेल्या मुलाशेजारी आक्रोश करणाऱ्या त्याच्या आईचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले. ते पाहून यानिस रित्सोस या कवीने ‘एपिताफिओस’ लिहिले. त्याने त्यासाठी छंद निवडला तो पंधरा अक्षरांचा, ज्यात ग्रीसच्या खेड्यांतील बाया पिढ्यान्‌पिढ्या मेलेल्यांसाठी शोक गात आल्या. त्याच साली ऑगस्टमध्ये हुकूमशाही आली आणि पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. पुढे मिकिस थेओडोराकिसने त्या कवितांना चाली लावल्या आणि १९६० साली बुझुकी या हलक्या समजल्या जाणाऱ्या वाद्यावर ती गाणी घरोघर पोचली.

मंडळी, ग्रीक शिकू पाहणाऱ्याला माझी एवढीच विनंती आहे. नवा शब्द भेटला की कोशातला अर्थ पाहावाच, पण तो कोणत्या खोऱ्यातून, कोणत्या बंदरातून आला आणि प्रथम कोणाच्या तोंडी होता, हेही विचारावे. होमर जरूर वाचावा. त्याच्याबरोबर लाव्रिओन, किलेलेर आणि थेसालोनिकी ही तीन नावे नकाशावर बोट ठेवून दाखविता आली पाहिजेत. पंडितांनी आणि हुकूमशहांनी शुद्ध केलेली भाषा सरकारी कागदांबरोबर मागे पडली; मेंढपाळांची, खलाशांची आणि तंबाखूच्या वखारीतल्या बायकांची भाषा आज शाळेत शिकविली जाते. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी ती सांभाळली, आणि आपल्याला शिकायची आहे ती त्यांचीच.