तुंबडी आणि अब्बा उमना

इस्राएलमध्ये ज्याला 'कोसोत रुआख' म्हणजे वाऱ्याचे पेले म्हणतात, त्या उपचाराला आपल्या मायबोलीत जुना शब्द आहे : तुंबडी. गावोगाव फिरणारे वैदू दुखऱ्या जागी तुंबडी लावीत. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी गाईचे शिंग, जळू आणि भोपळा सांगितला आहे. शिंगातील हवा तोंडाने ओढीत, भोपळ्यात पेटता दिवा ठेवीत. पूर्व युरोपातील आपले धर्मबांधव काचेचे पेले लावीत. त्यांना यिद्दिशमध्ये 'बांकेस' म्हणतात. निरर्थक खटाटोपाला 'मेलेल्याला बांकेस लावणे' अशी त्यांची म्हण आहे.

ह्या पेल्यांची क्रिया साधी आहे. ज्योतीने आतील हवा तापून विरळ होते. पेला अंगावर उपडा ठेवला की ती निवते, आतील दाब कमी होतो व कातडी वर ओढली जाते. बारीक रक्तवाहिन्या फुटून गोल काळानिळा डाग उठतो. तो डाग म्हणजे बाहेर आलेले 'दूषित रक्त' नव्हे. मान-पाठीच्या दुखण्यात काहींना थोडा आराम वाटतो; परंतु त्याचा पुरावा भक्कम नाही, आणि न्युमोनिया तर त्याने मुळीच बरा होत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हा उपचार करून घेऊ नये. कातडीला चिरा देऊन रक्त काढण्यात जंतुसंसर्गाचे भय असते.

उपचाराची महती अशी मर्यादित असली, तरी तो करणाऱ्या एका माणसाची महती आपल्या तलमूदने जपून ठेवली आहे. बाबेलमध्ये, चौथ्या शतकातील थोर गुरू अब्बाये यांच्या काळी, अब्बा उमना नावाचा रक्त काढणारा होता. तो स्त्री-पुरुषांना वेगवेगळे बसवी. स्त्रियांसाठी त्याने चिरा असलेले खास वस्त्र ठेवले होते, म्हणजे त्यांचे अंग उघडे पडू नये. पैसे टाकण्याची जागा आडोशाला असे. ज्याच्याजवळ असतील त्याने टाकावे, नसतील त्याने न लाजता येऊन बसावे. तरुण पंडित आला तर त्याच्याकडून काही न घेता, उलट अंगात ताकद येण्यासाठी त्यालाच पैसे देई. अब्बाये यांना स्वर्गातून आठवड्याला एकदा सलाम येई. अब्बा उमनाला रोज येई.

'स्वतःची तुंबडी भरणे' असे आपण मराठीत लोभी माणसाविषयी म्हणतो. अब्बा उमनाने जन्मभर तुंबडी लावली, पण स्वतःची कधी भरली नाही. औषधे व उपकरणे बदलत गेली. परंतु आम्ही परिचारिका रुग्णाच्या खाटेभोवती पडदा ओढतो, तेव्हा त्याचाच धडा गिरवीत असतो.