तळवलकर, गोविंद श्रीपाद
(२२ जुलै १९२५–२१ मार्च २०१७). मराठी पत्रकार, संपादक व ग्रंथकार. जन्म डोंबिवली येथे. 'लोकसत्ता'त उपसंपादक म्हणून काम केल्यानंतर ते 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये आले आणि १९६८ ते १९९६ या काळात त्याचे संपादक होते. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. राजकारण, अर्थकारण, आंतरराष्ट्रीय घडामोडी आणि साहित्य यांवरील त्यांचे अग्रलेख व्यासंगी व निर्भीड असत. 'सत्तांतर', 'नौरोजी ते नेहरू' व 'सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त' हे त्यांचे महत्त्वाचे इतिहासपर ग्रंथ. 'वाचता वाचता'मध्ये त्यांचे ग्रंथप्रेम दिसते. निवृत्तीनंतर अमेरिकेत राहूनही त्यांनी लेखन चालू ठेवले. ह्यूस्टन येथे त्यांचे निधन झाले. मराठी अग्रलेखाला अभ्यासाची भक्कम बैठक देणाऱ्या संपादकांत त्यांचे स्थान अग्रगण्य आहे.